चायना ग्रासची जेली आणि पुडिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळा लागला, आंबे आले की चायना ग्रासबद्दलचे प्रश्न सुरू होतात. गणपतीत आणि दिवाळीत पाहुण्यांसाठी काहीतरी थंड करायचं ठरलं की पुन्हा तेच. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी साधे आहेत, पुढे अडचणीचे. मापं ग्रॅम आणि मिलिलिटरमध्ये दिली आहेत, कारण कुणाची वाटी १०० मिलिची असते, कुणाची २०० ची, आणि चायना ग्रासमध्ये दोन ग्रॅमनेसुद्धा फरक पडतो.

१. चायना ग्रास म्हणजे नक्की काय? गवत आहे का?

गवत नाही. समुद्रातल्या तांबड्या शेवाळापासून काढलेला, वाळवलेला तो एक चिकट पदार्थ आहे. जगभर त्याला अगर-अगर म्हणतात, जपानमध्ये कांतेन. भारतात तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, मन्नारच्या आखातात रामनाथपुरम आणि मंडपमच्या परिसरात हे शेवाळ गोळा करतात. पाण्यात बुडी मारून ते उपटून आणण्याचं काम तिथे मुख्यतः बायका करतात. बाजारात चायना ग्रास पांढरट, हलक्या पट्ट्यांच्या किंवा दोऱ्यांच्या रूपात मिळतं, तसंच पावडरीच्या रूपातही. ‘अगर’ या नावामुळे काहींना अगरबत्ती आठवते, पण तो अगरू नावाच्या सुगंधी लाकडाशी संबंधित शब्द. अगर-अगर मलय भाषेतला आहे.

२. मग जिलेटिन आणि हे एकच ना? दोन्हींनी जेली होते.

अजिबात नाही. जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढतात, म्हणजे ते मांसाहारी. चायना ग्रास पूर्ण वनस्पतिजन्य. तयार जेलीचं पाकीट घेताना हिरवा गोल ठिपका आहे की तपकिरी त्रिकोण, ते पाहा. घटकांच्या यादीत ४०६ हा आकडा असेल तर अगर, ४०७ असेल तर कॅराजीनन (हेही समुद्री शेवाळाचंच, पण वेगळं) आणि ४४० असेल तर फळांतलं पेक्टिन. जिलेटिनचा क्रमांक ४२८.

स्वयंपाकाच्या दृष्टीने मोठा फरक तापमानाचा आहे. जिलेटिनची जेली साधारण ३०-३५ अंशांना वितळते, म्हणून ती तोंडात विरघळते आणि मे महिन्यात ताटलीत वाहूही लागते. चायना ग्रास ३५-४० अंशांच्या आसपास गोठतं, पण एकदा गोठलं की ८५ अंशांच्या वर नेल्याशिवाय वितळत नाही. हे दोन आकडे लक्षात ठेवा. खाली सांगितलेल्या बहुतेक फजित्या या दोन आकड्यांकडे दुर्लक्ष केल्यानेच होतात.

याच गुणामुळे ते प्रयोगशाळेतही पोहोचलं. १८८१ मध्ये रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वॉल्टर हेसे यांना जंतू वाढवायला जिलेटिन उपयोगी पडेना, उष्णतेने ते पातळ व्हायचं. त्यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनी स्वयंपाकघरातलं अगर सुचवलं. उन्हाळ्यातही त्यांच्या जेल्या आणि पुडिंगं टिकायची ती त्यामुळेच, आणि ही युक्ती त्यांना जावा बेटावर राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून कळली होती. आज जगभरच्या प्रयोगशाळांत जंतू वाढवायला अगरच वापरतात.

३. उपासाला चालतं का?

धान्य नाही, डाळ नाही, मीठ नाही. त्यामुळे पुष्कळ घरांत चालवतात. पण उपासाचे नियम घरोघरी वेगळे असतात. काही जैन घरांत शेवाळवर्गातल्या गोष्टी टाळतात. पाहुण्यांसाठी करत असाल तर आधी विचारून घ्या. पाकिटातली ‘शाकाहारी जेली’ उपासाला वापरताना घटक वाचा, त्यात मक्याचं पीठ असू शकतं.

४. पट्ट्या घ्याव्यात की पावडर? एकाऐवजी दुसरं वापरलं तर माप काय?

वजनाने जवळपास सारखंच धरा: ८ ग्रॅम पट्ट्यांऐवजी ७-८ ग्रॅम पावडर. चमच्याने मोजायचं तर सपाट छोटा चमचा पावडर सुमारे २ ते अडीच ग्रॅम भरते. पट्ट्या चमच्याने मोजता येत नाहीत, मूठभर म्हटलं तर कुणाची मूठ? पट्ट्यांचं पाकीट बहुधा १० ग्रॅमचं असतं, त्यामुळे पाऊण पाकीट, अर्धं पाकीट असा अंदाज बरा पडतो. पावडर लवकर विरघळते आणि घाईत सोयीची, पण कंपनीगणिक तिची ताकद बदलते. नवीन पाकीट आणलं की पहिल्यांदा प्रश्न ७ मधली ताटलीची परीक्षा घ्याच.

५. एक लिटरला किती घालायचं?

दूध, पाणी, रस, आमरस असं सगळं मिळून एक लिटर धरा. पेल्यातच सेट करून चमच्याने खायचं मऊ पुडिंग हवं असेल तर ४-५ ग्रॅम. साच्यातून ताटात उलटं काढायचं, सुरीने कापल्यावर नीट उभं राहील असं हवं असेल तर ७-८ ग्रॅम. चौकोनी वड्या पाडून फालुद्यात किंवा फ्रूट सॅलडमध्ये टाकायच्या असतील तर १०-१२ ग्रॅम. दुधात तेवढ्याच मापात जेली जरा घट्ट होते, आंबट रसात जरा सैल (कारण प्रश्न १० मध्ये). लोकांचं पुडिंग रबरासारखं होतं ते बहुतेक वेळा एक लिटरला अख्खी दोन पाकिटं घातल्यामुळे.

६. शिजवायची नेमकी रीत काय?

पट्ट्या कात्रीने बोटाच्या पेराएवढ्या कापून मोजलेल्या गार पाण्यात २०-३० मिनिटं भिजवा. ८ ग्रॅमला २५० मिलि पाणी. भिजलेल्या पट्ट्या काचेसारख्या दिसतात आणि बोटांत बुळबुळीत लागतात. ते पाणी फेकू नका, त्यातच शिजवायचं आहे. पातेलं जाड बुडाचं घ्या. उकळी आली की आंच मंद करून ८-१० मिनिटं ढवळत राहा. पळी वर उचलून तिच्या पाठीकडे उजेडात बघा: चकचकीत तंतू किंवा काचेचे कण दिसत असतील तर अजून विरघळलेलं नाही. पाणी आटून कमी झालं तर दोन पळ्या गरम पाणी घाला.

पावडर असेल तर ती गार पाण्यात भुरभुरून ढवळा, ५ मिनिटं तशीच ठेवा आणि मग उकळी आणून २-३ मिनिटं शिजवा. गरम पाण्यात एकदम टाकलीत तर बाहेरून फुगून आत कोरड्या गुठळ्या राहतात.

साखर नंतर घाला. आधी घातली तर साखर पाणी धरून ठेवते आणि चायना ग्रास नीट फुगत नाही. गाळणीतून गाळून घेणं मात्र चुकवू नका.

७. सेट होईल की नाही हे ओतण्याआधी कसं कळेल?

पाक झाला का ते पाहताना जशी तार बघतो, तशीच ही परीक्षा आहे. स्टीलची ताटली १० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा आणि तयार मिश्रणाचा एक चमचा तिच्यावर टाका. दोन-तीन मिनिटांत तो थेंब गोठतो. ताटली तिरकी करा. थेंब जागचा हलला नाही आणि बोटाने ढकलल्यावर वर सुरकुती पडली तर ठीक. वाहत गेला तर चायना ग्रास कमी आहे किंवा नीट विरघळलेलं नाही. फार कडक झाला तर थोडं गरम दूध किंवा पाणी वाढवा. भांड्यात ओतण्याआधी हे तीन मिनिटांचं काम केलं की पुढचा पस्तावा टळतो.

८. साधं दुधाचं पुडिंग करायचं प्रमाण द्या.

म्हशीचं किंवा फुल क्रीम दूध ८०० मिलि, साखर ८०-१०० ग्रॅम, चायना ग्रास ८ ग्रॅम, ते शिजवायला पाणी २५० मिलि. वेलदोड्याची पूड किंवा गरम दुधात खललेलं केशर.

एका शेगडीवर प्रश्न ६ प्रमाणे चायना ग्रास शिजवा, दुसरीवर दूध उकळून साखर विरघळवा. दोन्ही कडकडीत गरम असतानाच चायना ग्रासचं पाणी गाळणीतून दुधात ओता आणि ढवळा. एक उकळी येऊ द्या, गॅस बंद करा, वेलची घाला. पाच-सात मिनिटं ढवळत निववा म्हणजे वर साय धरत नाही. मग पाण्याने ओल्या केलेल्या साच्यात ओता. तूप-तेल लावू नका, वर तेलकट थर दिसतो. बाहेरच तासाभरात गोठेल, नंतर दोन तास फ्रीजमध्ये. काढताना कडेने बोटाने हलकेच दाबलं की आत हवा शिरते आणि पुडिंग सुटतं.

कंडेन्स्ड मिल्क घालायचं तर साखर वगळा. गूळ घालायचा असेल तर गाईम्हशीचं दूध नको, उकळत्या दुधात गूळ घातला की दूध फाटण्याची भीती असते. गुळाला नारळाचं दूध घ्या. पण ते घातल्यावर फार उकळू नका, तेल सुटतं. चायना ग्रास पाण्यात शिजवून गॅस बंद करा, मग कोमट केलेलं नारळाचं दूध घाला.

९. आंब्याचं पुडिंग करताना आमरसाचा वास उडतो. काय चुकतं?

आमरस उकळला जातो. हापूसचा वास उष्णतेने जातो आणि मागे शिजलेल्या आंब्याची चव उरते. ४५० मिलि दूध, ३०० मिलि आमरस, ७ ग्रॅम चायना ग्रास २५० मिलि पाण्यात. दूध आणि चायना ग्रास एकत्र उकळून गॅस बंद करा, तीन-चार मिनिटं थांबा, आणि मग आमरस घालून भराभर ढवळा.

आमरस फ्रीजमधून काढलेला नको, हे सगळ्यात महत्त्वाचं. गार आमरस पडला की त्याच्या भोवतीचं चायना ग्रास तिथल्या तिथे ४० अंशांखाली जाऊन गोठतं आणि पुडिंगभर पांढरे-पिवळे कण दिसतात. आमरस तासभर आधी बाहेर काढा, किंवा गरम पाण्याच्या पातेल्यात भांडं ठेवून कोमट करा. डब्यातला आमरस गोड असतो, साखर निम्मी करा.

१०. लिंबाची, कोकमाची जेली सेटच होत नाही. का?

आम्लात उकळलं की चायना ग्रासच्या लांब साखळ्या तुटतात आणि जेली धरत नाही. म्हणून आंबट पदार्थ नेहमी गॅस बंद केल्यावर घाला आणि चायना ग्रास थोडं वाढवा.

कोकमाची जेली: चायना ग्रास ६ ग्रॅम ४५० मिलि पाण्यात पूर्ण विरघळवा, गॅस बंद करा, दोन मिनिटांनी १५० मिलि अमृत कोकम घाला. चिमूटभर मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. आगळ मात्र वापरू नका. अमृत कोकम साखरेचं असतं, आगळ मिठाचं, आणि बाटल्या सारख्याच दिसतात.

११. अननस, पपई, किवी घातलं की जेली विरघळते असं वाचलं.

ते जिलेटिनबद्दल खरं आहे. या कच्च्या फळांत प्रथिनं तोडणारी एन्झाइम असतात, आणि जिलेटिन प्रथिन आहे. चायना ग्रास प्रथिन नाही, त्यामुळे त्याला धोका नाही. आंबटपणाचा नियम (प्रश्न १०) तेवढा पाळा.

अपवाद दुधाचा. दुधात प्रथिनं असतातच. कच्चं अननस किंवा किवी दुधाच्या पुडिंगमध्ये घातलं तर काही तासांत त्याच्या भोवती दूध फाटल्यासारखं होतं आणि चव कडवट होते. अशी फळं साखरेत पाच-सात मिनिटं शिजवून गार करून घाला, किंवा खायच्या वेळी वरून ठेवा.

१२. शहाळ्याची जेली पारदर्शक कशी होते?

शहाळ्याचं सगळं पाणी उकळलं तर त्याची ताजी चव राहत नाही. अर्धा लिटर शहाळ्याच्या पाण्यातलं दीडशे मिलि बाजूला काढून त्यात ४ ग्रॅम पावडर उकळून विरघळवा. लागली तर दोन-तीन चमचे साखर. उरलेलं पाणी बाहेरच्या तापमानाचं असू द्या आणि बारीक धारेने, ढवळत त्यात मिसळा. वरचा फेस चमच्याने काढा, कारण जेली गढूळ दिसते ती त्यामुळेच. कोवळ्या मलईचे तुकडे मिश्रण जरा दाटसर व्हायला लागलं की घाला. पातळ असताना घातले तर वर-खाली जाऊन एकाच जागी बसतात. इथे पावडरच घ्या, पट्ट्यांना विरघळायला जास्त वेळ लागतो.

१३. दोन रंगांचे थर केले, कापताना एकावरून दुसरा घसरतो.

पहिला थर पूर्ण गार होऊन वर पाणी सुटलेलं असतं. पहिला थर बोटाला चिकटेल इतपत गोठला की लगेच दुसरा ओता, आणि दुसरा ६० अंशांच्या आसपास गरम हवा. म्हणजे भांडं हातात धरवतं पण फार वेळ नाही. उकळता ओतला तर खालचा थर वितळून रंग एकमेकांत मिसळतात. थर चमच्याच्या पाठीवरून ओता, खड्डा पडत नाही. पहिला फार गार झालाच असेल तर कापडाने पाणी टिपून काट्याने वरून हलक्या रेघा ओढा. दुसऱ्या थराचं मिश्रण वाट पाहताना पातेल्यातच गोठलं तर परत मंद आंचेवर वितळवा.

१४. सेट झाली नाही. फेकून द्यायची का?

नाही. चायना ग्रास पुन्हा वितळतं आणि पुन्हा गोठतं. २ ग्रॅम पावडर ८०-१०० मिलि पाण्यात उकळून घ्या. न गोठलेलं पुडिंग पातेल्यात ढवळत पूर्ण वितळेपर्यंत तापवा, त्यात हे पाणी घाला, एक उकळी, आणि ताटलीची परीक्षा. आंबट जेली असेल तर ती वितळेपर्यंतच तापवा, उकळत ठेवू नका. एक-दोनदा हे चालतं, दर खेपेला वास थोडा कमी होतो.

१५. कडक, कोरडी आणि ठिसूळ होते. जिलेटिनसारखी थुलथुलीत करता येईल?

हुबेहूब नाही. चायना ग्रासची जेली मोडते, ताणली जात नाही. हा तिचा स्वभाव आहे. मऊपणा हवा तर लिटरला ४-५ ग्रॅमवर या, दुधात मलई वाढवा आणि पेल्यातच सेट करा. उलटं काढायचा हट्ट सोडला की पुडिंग कितीतरी मुलायम होतं.

जिलेटिनच्या कृतीत चायना ग्रास वापरायचं तर १० ग्रॅम जिलेटिनऐवजी ३-४ ग्रॅम पावडर. मार्शमेलोसारख्या ताणल्या जाणाऱ्या पदार्थात मात्र बदलू नका.

१६. चीजकेक, मूस किंवा चक्क्यात घातलं की दाणे होतात.

प्रश्न ९ मधलंच कारण, फक्त इथे गारवा जास्त. फेटलेलं क्रीम फ्रीजमधलं असतं. चक्का किंवा चीज आधी बाहेर काढून साधारण तापमानाला आणा. चायना ग्रासच्या गरम पाण्यात त्यातला एक डाव घालून फेटा, मग दुसरा, मग ते सगळं उरलेल्या चक्क्यात. फेटलेलं क्रीम सगळ्यात शेवटी, आणि तेही फार गार नको. हात जलद चालवा, कारण हे मिश्रण ओतेपर्यंत तीन-चार मिनिटंच मिळतात.

१७. दुसऱ्या दिवशी जेलीभोवती पाणी साचतं. खराब झाली?

खराब नाही. गोठलेलं जाळं हळूहळू आकसतं आणि पाणी बाहेर टाकतं. चायना ग्रास कमी असेल किंवा जेली कापून उघडी ठेवली असेल तर जास्त सुटतं. झाकून ठेवा, खायच्या वेळीच कापा. पाण्याच्या जेलीत साखर थोडी जास्त असेल तर कमी सुटतं. पाण्याची जेली फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहते, दुधाची दोन दिवसांत संपवा. बाहेर वितळत नाही म्हणून दुधाचं पुडिंग उन्हाळ्यात लग्नाच्या पंगतीत तासन्‌तास ठेवू नका: आकार टिकतो, दूध टिकत नाही. दोन तासांच्या वर नको.

१८. लहान मुलांना, म्हाताऱ्या माणसांना चालतं का?

नीट शिजवलेलं चालतं, पण ही जेली तोंडात विरघळत नाही, चावून खावी लागते. लहान मुलांना आणि गिळायला त्रास असणाऱ्यांना घट्ट चौकोनी तुकडे देऊ नका, घशात अडकू शकतात. मऊ पुडिंग चमच्याने भरवा. कोरडी पावडर पाण्याशिवाय तोंडात टाकणं तर कुणीच करू नये, ती घशात फुगते. यात पचणारं जवळजवळ काही नसतं, बहुतेक तंतूच. म्हणून भरपूर खाल्लं तर पोट साफ व्हायला लागतं.

१९. फालुद्यातली शेव चायना ग्रासची असते का?

नाही. ती मक्याच्या किंवा आरारूटच्या सत्त्वाची, साच्यातून गार पाण्यात पाडलेली असते. चायना ग्रासचं मिश्रण शेवेच्या साच्यातून पडत नाही. फालुद्यात जेलीचे जे लाल-हिरवे तुकडे असतात ते मात्र चायना ग्रासचे करता येतात (माप प्रश्न ५ मध्ये).

२०. फ्रीझरमध्ये ठेवून लवकर सेट करू का? उरलेलं गोठवून ठेवलं तर?

दोन्ही नको. बर्फ झाला की जाळं फाटतं. वितळल्यावर पाणी वेगळं आणि हातात स्पंजासारखा चोथा उरतो. गंमत म्हणजे पट्ट्या तयार करण्याची जुनी रीत हीच आहे. सतराव्या शतकात जपानमध्ये क्योतोजवळ शेवाळाची शिजवलेली जेली कडाक्याच्या थंडीत बाहेर राहिली, रात्री गोठली, दिवसा पाणी निथळून वाळली आणि हलक्या पट्ट्या उरल्या, असं सांगतात. कांतेन या नावाचा अर्थच ‘थंड आकाश’ असा होतो. पुडिंगच्या बाबतीत मात्र ते नको आहे. घाई असेल तर भांडं बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवा, वीस-पंचवीस मिनिटांत गोठतं. फ्रीजमध्येही मागच्या भिंतीला टेकवू नका. काही फ्रीजमध्ये तिथे बर्फ धरतो आणि नेमकी तेवढीच बाजू दाणेदार होते.